गावात राहून दारू सोडायची आहे? सोबतीचा ग्रुप असा शोधा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात देशीचं दुकान कुठं आहे हे कुणीही सांगेल. दारू सोडलेली माणसं कुठं एकत्र बसतात, हे मात्र तालुक्याच्या गावातही पटकन कुणाला सांगता येत नाही. मी स्वतः दारूतून बाहेर आलो तो अशाच एका ग्रुपच्या आधारानं, आणि आजही मिटिंगला जातो. नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण तेच विचारतो. आधी कुठं जायचं, पैसे किती लागतात, नाव लिहून घेतात का, गावात कळलं तर काय? ही उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितो आहे. नवऱ्यासाठी, भावासाठी किंवा पोरासाठी वाचत असाल तर सातवा मुद्दा आधी वाचा.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. खेड्यात ग्रुप बोर्ड पाहून सापडत नाही, माणसामार्फत सापडतो. दारू सोडून टिकलेला एक माणूस गाठला की पुढचा रस्ता तो दाखवतो.

१. आधी डॉक्टर, मग ग्रुप

सकाळी उतारा घेतल्याशिवाय हात थांबत नसतील, चहाची बशी तोंडापर्यंत नेताना सांडत असेल, तर आपल्या मनानं एका दिवसात दारू बंद करू नका. बरेच दिवस रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या गुंगीची सवय झालेली असते. ती एकदम काढून घेतली की मेंदू उसळतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर, घाम, उलट्या, धडधड सुरू होते आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, आपण कुठं आहोत ते कळत नाही. यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरचं लागलं’ म्हणून माणसाला जाणत्याकडे नेतात आणि रात्र वाया जाते. फेफरं आलं किंवा माणूस बरळायला लागला तर १०८ ला फोन करा आणि ‘दारू बंद केल्यापासून असं होतंय’ हे स्पष्ट सांगा. या एका वाक्यानं डॉक्टरांना दिशा मिळते.

जायचं कुठं? जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथलं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही येतं. तो दिवस आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वर्ध्याकडच्यांना सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय जवळ पडतं. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द ऐकून बिचकू नका. दारू सुटताना होणारा त्रास औषधांनी आटोक्यात ठेवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व बहुधा कमी पडलेलं असतं, तेही तिथं देतात.

गडचिरोलीच्या वाचकांसाठी आणखी एक वाट आहे. ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांचा ‘मुक्तिपथ’ कार्यक्रम २०१६ पासून तिथं चालू आहे. त्याची तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयं आहेत आणि तिथं व्यसन उपचाराची क्लिनिकं चालतात. आधी तिथंच विचारा.

दवाखान्यात जाताना सोबत ठेवा:

- आधार कार्ड, रेशनकार्ड आणि असेल तर आयुष्मान कार्ड
- जुने केसपेपर, चालू गोळ्यांची पानं (बीपी, शुगर, फिट यांची असतील तर नक्कीच)
- रोज किती पिता आणि शेवटची कधी घेतली, हे चिठ्ठीवर लिहून
- घरचं एक माणूस

आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं त्या विभागात येत नाहीत, तिथं थोडेफार पैसे जवळ असू द्या. आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा. ‘कधीमधी घेतो’ म्हणालात तर औषधाचा डोस त्या हिशोबानं बसेल आणि रात्री त्रास तुम्हालाच होईल.

२. ग्रुप म्हणजे काय, काय नाही

सगळ्यात जास्त पसरलेला ग्रुप म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. आपल्याकडे त्याला ‘एए’ म्हणतात. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दारूनं पोळलेले दोघं जण, एक शेअर दलाल आणि एक सर्जन, एकमेकांशी बोलत राहिले आणि दोघांची दारू सुटली. तिथून हे सुरू झालं. भारतात एए १९५७ पासून आहे. दारुड्याचं दारुडा ऐकतो, एवढंच त्यातलं मूळ. बायको, आई, सरपंच, कीर्तनकार सगळे सांगून थकतात तिथं, स्वतः गटारात पडून उठलेला माणूस बोलला की ते आत जातं.

एएमध्ये फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, शपथ नाही. दारू थांबवायची इच्छा एवढीच अट आहे. खर्च सभासदच आपसात भागवतात. मिटिंगमध्ये एक पिशवी फिरते, नवीन माणसानं त्यात काही टाकायची गरज नाही. एए दवाखाना चालवत नाही, औषध विकत नाही, बाहेरून देणगी घेत नाही. दारूबंदी असावी की नसावी, यावरही ते काही बोलत नाही. हे आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवं, कारण वर्धा १९७४ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत आणि ‘दारू सोडणे’ म्हटलं की लोकांना मोर्चा आठवतो. मोर्चाचं काम मोठंच आहे, पण ते वेगळं. बंदीच्या जिल्ह्यातले काही जण ‘आपण पितो हे कबूल केलं तर पोलीस येतील’ म्हणून दूर राहतात. ग्रुपमध्ये बोललेलं ग्रुपमध्येच राहतं.

याशिवाय व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांचे पाठपुरावा गट असतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि विदर्भातूनही माणसं तिथं जाऊन आलेली आहेत. असा माणूस तुमच्या पंचक्रोशीत असेल तर त्याला जरूर भेटा.

३. शोधायचं कसं

या क्रमानं विचारत चला.

पहिलं, मानसोपचार विभागातले समुपदेशक. औषधं घेतल्यावर लगेच उठू नका. ‘इथं जवळ एएची मिटिंग कुठं होते? त्यातल्या कुणाशी बोलता येईल का?’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी ग्रुपचे जुने सभासद वॉर्डात येऊन रुग्णांशी बोलतात, त्यामुळे समुपदेशकांकडे त्यांचे नंबर असतात.

दुसरं, फोन. १४४४६ ही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. जिल्ह्यात अनुदानावर चालणारं केंद्र कुठं आहे ते तिथं विचारा. मन फार खचलं असेल तर १४४१६, म्हणजे टेलिमानस. ती रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

तिसरं, एए इंडियाचं संकेतस्थळ. तिथं शहराप्रमाणे मिटिंगची माहिती मिळते. पत्ता दिसला म्हणून निघू नका, आधी फोन करा. मिटिंगची जागा आणि वार बदलत असतात.

चौथं, गावातलेच लोक. आरोग्य उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, मेडिकलवाले, गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते, विहारात नियमित येणारी मंडळी. ‘अमुक गावचा तो माणूस आधी लय प्यायचा, आता बंद आहे’ असं कुणाबद्दल तरी सगळ्यांना ठाऊक असतं. त्या माणसाकडे जा. सरळ म्हणा, ‘भाऊ, तुमी कशी सोडली? मलेबी सोडायची हाये.’ खऱ्या अर्थानं सुटलेला माणूस यावर चिडत नाही, खाट सरकवून जागा देतो.

गावात कळेल ही भीती मलाही होती. पण गावाला तुम्ही पिता हे आधीच माहीत आहे. कळणार असलीच तर सोडायला लागल्याची गोष्ट कळेल.

४. फोनवर काय विचारायचं

नाव सांगायची सक्ती नाही. एवढं विचारून कागदावर लिहून घ्या:

- मिटिंग कोणत्या वारी, किती ते किती, नेमकी कुठं
- बसस्टँडपासून किती लांब, खूण काय
- मिटिंग खुली आहे की बंद (खुल्या मिटिंगला घरचं माणूस सोबत बसू शकतं, बंद मिटिंग फक्त पिणाऱ्यांची)
- मराठीत होते की हिंदीत
- पहिल्या दिवशी स्टँडवर कुणी भेटू शकेल का

शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. दारात जाऊन परत फिरणारे खूप असतात. सोबतीला माणूस असला की पाय आत पडतो.

५. शेवटच्या गाडीचा प्रश्न

शहरातल्या मिटिंगा बहुधा संध्याकाळी सात-साडेसातला असतात आणि आपल्या गावाकडची शेवटची एसटी त्याच सुमारास सुटते. खेड्यातला माणूस ग्रुप सोडतो तो बहुतेक वेळा यामुळे, आणि लोक म्हणतात, याला सोडायचीच नव्हती. म्हणून हा हिशोब पहिल्याच आठवड्यात लावा.

रविवारची सकाळची किंवा दुपारची मिटिंग जवळच्या कोणत्या शहरात आहे ते बघा. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणं होतंच, त्या दिवशी निदान ग्रुपमधल्या एकाला भेटून चहा घ्या. संध्याकाळचीच मिटिंग असेल तर आधीच सांगून ठेवा की मला अमक्या वेळेला निघायचंय. तुम्हाला आधी बोलायला देतात आणि मध्येच उठलात तरी कुणी काही म्हणत नाही. त्याच रस्त्याला जाणारा कुणी मोटारसायकलवाला सभासद असतो, त्याची चौकशी करा. पावसाळ्यात नाला चढला की येणं बंदच होतं, तेव्हा फोनवरच्या ऑनलाइन मिटिंगा कामी येतात. मराठी आणि हिंदी मिटिंगा आहेत, लिंक ग्रुपवाले देतात. घरात बोलायला जागा नसेल तर शेतात, धुऱ्यावर बसून कानात इअरफोन घालून ऐका. पण ऑनलाइनवरच भागवू नका. महिन्यातून निदान एकदा तरी समोरासमोर बसा.

६. पहिली मिटिंग

शाळेची खोली, चर्चचं सभागृह, दवाखान्यातला एखादा हॉल, अशी कुठलीही जागा असते. टेबलावर कापड अंथरलेलं, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर यायच्या एएच्या बारा टप्प्यांचा तक्ता, दहा-पंधरा खुर्च्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की सगळे माझ्यासारखे उतरलेल्या चेहऱ्याचे असतील. दारात एका मास्तरांनी पाणी दिलं. ते चांगले इस्त्रीचे कपडे घालून होते, आणि मिटिंग सुरू झाल्यावर त्यांनीच सांगितलं की ते कधीकाळी शाळेच्या पायरीवर झोपलेले सापडायचे.

सुरुवातीला प्रार्थना आणि थोडं वाचन होतं. मग एकेक जण ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक’ म्हणून आपला अनुभव सांगतो. मधेच कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा. तेवढं पुरे. तास-दीड तासानं शेवटची प्रार्थना होते, आणि नंतर चहा. नवख्यासाठी ती चहाची दहा मिनिटं फार महत्त्वाची आहेत. तेव्हाच निदान दोघांचे नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला फोन करा, काही काम नसलं तरी.

प्रार्थनेत ‘ईश्वर’ शब्द येतो. आपल्याकडे अनेक जण बौद्ध आहेत, काही देव न मानणारे आहेत, त्यांना तिथं अवघडल्यासारखं होतं. एए ‘तुम्हाला समजेल तशी शक्ती’ म्हणतं, कुठला एक देव मानायची सक्ती नाही. आमच्या ग्रुपमधले एक बौद्ध काका त्या वेळी मनात पंचशीलातलं पाचवं शील म्हणतात. दारूपासून दूर राहण्याचाच तो संकल्प आहे. दुसरे एक जण ग्रुपलाच आपली शक्ती मानतात.

एका मिटिंगनं मत बनवू नका. पहिल्या दिवशी सगळं परकं वाटतं. वेगवेगळ्या मिटिंगांना जाऊन बघा आणि मग ठरवा.

पिणारी व्यक्ती बाई असेल तर तिला जास्त अडचण येते. बहुतेक ग्रुपमध्ये पुरुषच असतात. फोनवर ‘कुणी महिला सभासद आहे का’ हे आधी विचारा, पहिल्या दिवशी बहिणीला किंवा मैत्रिणीला घेऊन खुल्या मिटिंगला जा. महिलांच्या ऑनलाइन मिटिंगाही होतात.

७. घरच्यांसाठी

ताई, पिणारा ग्रुपला येत नसला तरी तुम्ही जाऊ शकता. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा वेगळा ग्रुप असतो, त्याला अल-अनॉन म्हणतात. पोरांसाठी अलाटीन आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. कित्येक घरांत आधी बायको गेली आणि नंतर नवरा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करा.

तो पिऊन असताना ग्रुपचा विषय काढू नका. सकाळी, उतरल्यावर, पश्चात्तापात असतो तेव्हा एकदाच शांतपणे सांगा आणि नंबर हातात द्या.

दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मन खूप खाली जातं. घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. आपल्या भागात हे सांगावं लागतं. ‘जगून काय करू’ असं काही तोंडून निघालं तर धमकी समजून सोडून देऊ नका, १४४१६ ला (टेलिमानस हेल्पलाइन) फोन करा आणि माणसाला एकटं ठेवू नका.

८. कुठं फसतो माणूस

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीभिंतीवर आहेत. त्या पुड्या भाजीत कालवून देऊ नका. आत काय आहे ते पाकिटावर नसतं. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, बीपी कोसळतो आणि माणूस मरूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं.

रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारी केंद्रं आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारूचं व्यसनही येतं. त्या कायद्यानुसार उपचार केंद्राची नोंदणी लागते आणि साखळीनं बांधणं गुन्हा आहे. आमच्या भागातल्या एका केंद्रातून परत आलेल्या पोराच्या पायावरचे वळ मी पाहिले आहेत. भरती करण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, डॉक्टर कधी येतात ते विचारा, आतल्या रुग्णाशी बोलू देतात का ते पाहा. भेटू देत नसतील तर पैसे भरू नका.

ग्रुपच्या नावाखाली फी, पावती, औषध किंवा अंगारा आला तर तो एए नव्हे. ग्रुपमधल्या माणसांशी उसनवारीचा व्यवहारही करू नका, द्यायचा नाही आणि घ्यायचाही नाही. आणि एखादा सभासद ‘गोळ्या कशाला खातो, मिटिंग पुरे’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच बंद करायच्या.

मोबाईलचंही सांभाळा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला दारूचं नाव देऊ नका, पोरांच्या हातात फोन असतो. मिटिंगचे फोटो काढायचे नाहीत आणि कोण कोण आलं होतं ते गावात सांगायचं नाही.

९. घसरण्याचे दिवस आधीच ओळखा

कापसाचा, सोयाबीनचा चुकारा हातात येतो तो दिवस. पोळा आणि त्याची कर. होळी, लग्नसराई, निवडणूक, पूर्व विदर्भात मंडईची जत्रा. हे दिवस दरवर्षी ठरलेले असतात, तेव्हा तयारीही आधी करता येते. चुकारा घ्यायला एकटे जाऊ नका, पैसे खात्यात घ्या किंवा घरच्या माणसाच्या हातात द्या. पोळ्याला बैल मिरवून झाले की घरी या आणि संध्याकाळी ग्रुपमधल्या कुणाकडे तरी जा. वरातीत उशिरा पोचा, जेवा, निघा.

तरीही घसरलात तर दुसऱ्या दिवशीच मिटिंगला या. ग्रुपमध्ये कुणी हाकलत नाही. पण मधे पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं असेल तर पहिला मुद्दा परत लागू होतो, आधी डॉक्टर.

१०. जवळ ग्रुपच नसेल तर

दारू थांबवायला बसलेले दोन-तीन जण असले आणि त्यांचा दुसऱ्या कशाशी संबंध नसला की तो एए ग्रुप म्हणवून घेऊ शकतो, असं एएचीच परंपरा सांगते. आधी काही महिने जवळच्या शहरातल्या ग्रुपला जा, मिटिंग कशी चालते ते शिका. मग त्यांना सांगा की आमच्याकडे सुरू करायचंय. जुने सभासद पहिल्या काही मिटिंगांना स्वतः येतात आणि मराठी पुस्तिका, वाचायचे कागद देतात.

जागा कुणाच्या घरची नको. आज ना उद्या त्या घरच्या बाईला त्रास होतो. पुढाऱ्याच्या कार्यालयातही नको, निम्मी माणसं तिथं पाय ठेवणार नाहीत. एका जातीची समजली जाणारी जागा असेल तर त्याचाही विचार करा. प्राथमिक शाळेची खोली किंवा आरोग्य उपकेंद्र सगळ्यांना चालतं. मुख्याध्यापकांना किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांना साध्या कागदावर अर्ज द्या: वार, वेळ, कोण चावी घेणार, कोण झाडून ठेवणार. एसटीच्या वेळापत्रकावरून वेळ ठरवा आणि एकदा ठरली की बदलू नका. आशाताई, उपकेंद्र आणि मेडिकल दुकानात वार, वेळ आणि एक फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी देऊन ठेवा. नंबर अशाच माणसाचा द्या जो रात्री उचलेल.

पहिले काही आठवडे तुम्ही दोघंच असाल. दोघांचीही मिटिंग होते.